थंडीत कुंद छाटू नये

बदलापूर,
ता. १२ डिसेंबर १९५६

शशिकांत यास,

हे पत्र कामापुरतं आहे. डोक्यावर 'चि.' नाही आणि 'अनेक आशीर्वाद'ही नाहीत, ते घाईत राहून गेलं असं समजू नकोस. तीस वर्षं पोस्टमास्तरकी केलेला माणूस पत्राच्या डोक्यावर काय लिहायचं हे विसरत नाही.

काम असं. तू कलकत्त्याला जाण्याआधी अंबरनाथच्या कारखान्यात होतास, तेव्हा एका पावसाळ्यात देवळाजवळच्या गुरवाकडून कुंदाच्या फांद्या आणून आपल्या अंगणात लावल्यास. फाटकापासून विहिरीपर्यंत नऊ. नऊच्या नऊ जगल्या. पाला हिरवागार, हात लावला तर मऊ लव लागते. पण पाच थंड्या गेल्या, फुलाच्या नावानं शंख. माझ्याकडून काही कमी होत नाही. आगाशीला आजोबांची मोगऱ्याची वाडी होती, फुलझाडं मला नवी नाहीत. मार्गशीर्ष लागला की मोगऱ्याचं करतात ते सगळं कुंदाचंही करतो. पाणी तोडतो, पाला ओरबाडतो, वीतभर ठेवून वरचं छाटून टाकतो. मोगरा उन्हाळ्यात असा फुलतो की घरात वास मावत नाही. कुंद ढिम्म. झाडं वांझ निघाली असं माझं मत आहे. एक तर देणाऱ्यानं फसवलं, नाही तर आणणाऱ्याला पारख नव्हती. दुसरं जास्त संभवतं.

मी विचारलं नसतं. पण यंदा छाटणीला बसलो तर कात्री सापडेना. घर पालथं घातलं. माई म्हणाली, "मला काय ठाऊक? तुमच्या वस्तू तुम्हीच ठेवता." शेवटी ठमाबाईचा कोयता घेतला. ही ठमाबाई शिरगावची, तू गेल्यावर बागेच्या कामाला येऊ लागली. चार झाडं उरकली, पाचव्याला हात घालणार तेवढ्यात माई शाल गुंडाळून पायरीवर येऊन बसली. दिवाळीपासून तिचा दमा उचलला आहे, सोमवारचा महादेव सोडला तर थंडीत बाहेर येत नाही, म्हणून मला नवल वाटलं. म्हणाली, "मला या माघात अंबरनाथाला आपल्या अंगणातला कुंद वाहायचाय. फुलत का नाही ते शशीला विचारा. त्यानं लावलाय." शंकराला एरवी कुंद वाहत नाहीत, माघात तेवढा चालतो, असं तिच्या माहेरचं शास्त्र आहे. पाच वर्षांत तुझं नाव या घरात पहिल्यांदा मोठ्यानं घेतलं गेलं. मी कोयता खाली ठेवला, तो हात भरून आले होते म्हणून.

आता उत्तराची सोय. तुझं पाकीट मी फोडत नाही हे तुला माहीत आहे. का, ते पुन्हा एकदा लिहितो, म्हणजे गैरसमज नको. ५१ सालच्या मे महिन्यात तू लग्न ठरवलंस, ते मला पाकिटानं कळवलंस. मुलगी कल्याण कॅम्पातल्या निर्वासित सिंध्यांची, हे दुःख नंतरचं. अंबरनाथहून बदलापूर पाच मैल. पाच मैलांवरून मुलानं बापाला तिकीट लावून कळवावं! आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं वाटली, पण असं टपाल माझ्या हातून कुणाला गेलं नसेल. त्याच दिवशी बोललो की यापुढे तुझं पाकीट फोडणार नाही. बोललो ते पाळलं. नंतर तुझी सात पाकिटं आली. एकही परत धाडलं नाही, 'घेण्यास नकार' असा शेराही मारला नाही. घेतलेलं टपाल नीट ठेवायचं ही सवय. सातही देवघराच्या फडताळात आहेत, आली त्या क्रमानं, सुतळीनं बांधून. सातवं येऊन दोन वर्षं झाली. त्यानंतर आलं नाही. पोस्टखात्याची त्यात चूक नसावी.

तर सोबत एक कोरं कार्ड ठेवलं आहे. पत्ता मीच घातला आहे. कार्ड उघडंच असतं, ते फोडावं लागत नाही, तेव्हा वाचलं तरी शब्द मोडत नाही. कुंद का फुलत नाही, एवढंच त्यावर लिही.

विष्णुपंत


बदलापूर,
ता. २६ डिसेंबर १९५६

शशिकांत यास,

कार्ड पोचलं. 'नाना, कुंद थंडीत छाटू नये. मार्गशीर्षात शेंड्यांना कळ्या धरतात, त्या छाटून जातात. होळीनंतर छाटावा. हे पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. शशिकांत.' इतकंच. नमस्कार नाही. मी आशीर्वाद घातले नव्हते, तेव्हा हिशेब चुकता झाला म्हणायचा.

वाचून मला रागच आला. मोगरा आणि कुंद एकाच जातीचे, दिसायला भाऊ-भाऊ. एकाला जे मानवतं ते दुसऱ्याला का मानवू नये? ठमाबाईला कार्ड वाचून दाखवलं, तर ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. म्हणे, "मास्तर, मी गेल्या सालीच बोल्ली व्हती ना? तुमी जवा कापताव तवा शेंड्यान कल्या असतान. तुमी बोल्लाव, तू भात लाव, फुलांतला तुला काय कलतंय?" तसं मी म्हणालो होतो हे खरं आहे. भातखाचरातल्या बाईला विचारून मी बाग करायची, असं तेव्हा वाटलं.

राहिलेली पाच झाडं छाटलेली नाहीत. त्यांना पाणी चालू केलं आहे. विहिरीकडच्या तिघांच्या शेंड्यांना तांदळाच्या कणीएवढं काही तरी दिसतं. माझी नजर आता तितकी चांगली नाही, म्हणून माईला विचारलं. ती न पाहताच म्हणाली, "कळ्याच त्या."

माईचं हल्ली काही कळत नाही. तुला म्हणून लिहितो. दर वर्षी छाटणीच्या सुमारास हिचं काही ना काही निघतं. एका साली ऐन त्याच दिवशी मला कल्याणला पाठवलं, पाटा-वरवंटा हवा म्हणून. घरात दोन आहेत. एका साली म्हणाली, आज ग्रहण आहे, झाडाला लोखंड लावू नका. पंचांगात पाहिलं तर ग्रहण महिन्यापूर्वीच होऊन गेलेलं. एका साली सकाळपासून पोट धरून बसली, वैद्य आणला, वैद्य जाईपर्यंत बरी झाली. मी आपला दुसऱ्या दिवशी छाटून मोकळा. आणि एक सांगतो. दर सोमवारी ही अंबरनाथला महादेवाला जाते. पूर्वी दोन तासांत परत यायची, आता दिवेलागणीला येते. परवा पिशवीतून पापड निघाले, मिरी घातलेले, आपल्याकडचे नव्हेत. महादेवाच्या देवळात पापड कधीपासून मिळायला लागले? विचारलं तर म्हणाली, "प्रसाद." शिवाय शेजारच्या नातीसाठी म्हणून लोकरीचं विणत असते. शेजारच्यांना नात नाही. आधी विणत होती ते तान्ह्या बाळाचं कुंचडं होतं, आता चार वर्षांच्या मुलीला होईल एवढं जाकीट झालं आहे.

दम्याचं औषध डोक्यात जातं की काय, वैद्यांना विचारणार आहे.

तुझं पहिलं पत्र काढून पाहिलं. बाहेरूनच. ता. १४ ऑक्टोबर ५१ चा शिक्का आहे. म्हणजे पहिल्या छाटणीच्या आधी पोचलं होतं.

विष्णुपंत


बदलापूर,
ता. ६ जानेवारी १९५७

चि. शशिकांत यास,

मी पत्र फोडलं.

दहा दिवस तो गठ्ठा फडताळातून काढत होतो आणि परत ठेवत होतो. शेवटी स्वतःला समजावलं की कार्डावर केलेलं विधान खरं की खोटं हे तपासणं आपलं काम आहे. ही पळवाट होती हे मलाही कळत होतं. काल दुपारी जेवणानंतर माई आत पडली होती, मी ओटीवर बसलो, चष्मा पुसला आणि पहिलं पाकीट उन्हात धरलं.

आता जे लिहितो ते पोस्टमास्तर म्हणून लिहितो. तुझ्या पाकिटाला कारखान्याचा चांगला गोंद असतो. पिवळसर, सुकला की काचेसारखा तडकणारा. माझ्या हातातल्या पाकिटाच्या पाळीवर पांढरी खळ होती. भाताची. आपण पतंगाला लावायचो ती. दुसरं पाहिलं, त्यालाही खळ. सातही पाकिटांना खळ! कोणी तरी वाफेवर धरून सातही पाकिटं उघडली होती, आणि इतक्या निगुतीनं परत चिकटवली होती की तीस वर्षांची माझी नजर पाच वर्षं फसली. माझ्या हाताखाली असा कारकून असता तर त्याला घरी बसवला असता. बढतीही दिली असती.

माई दारात उभी होती. केव्हा आली कळलं नाही. मी काही विचारण्याआधीच म्हणाली, "वाचा आता. मी चहा टाकते."

मी म्हटलं, "तू ही सगळी वाचलीस?"

"आली त्या त्या दिवशी. तुम्ही दुपारी झोपता."

"पहिल्या पत्रात कुंद छाटू नका असं आहे?"

"दुसऱ्या पानावर."

"मग पाच वर्षं मी कळ्या छाटत होतो ते तू बघत बसलीस?"

"बघत कुठं बसले? पाटा-वरवंटा मागितला, ग्रहण काढलं, पोट दुखवलं. यंदा कात्री लपवली. तुम्ही कोयता आणलात. तुमच्यापुढं कोणाचं चालतं?"

"एकदा तोंडानं सांगायचं होतंस."

तेव्हा ती खाली बसली. दम लागला होता, पण सगळं सलग बोलली. "सांगितलं असतं, तर कुठं वाचलं ते सांगावं लागलं असतं. मग तुम्ही गठ्ठा कुलपात ठेवला असता. फुलं गेली तर पुढच्या साली येतात. पत्रं गेली असती तर मी काय केलं असतं?"

शशी, चाळीस वर्षांच्या संसारात ही बाई माझ्यापुढे कधी खोटं बोलली नव्हती. मीच तिला खोटं बोलायला लावलं, आणि तेही ग्रहणासारखं बाळबोध खोटं. मला शरम वाटली. अजून वाटते.

मग सातही पत्रं वाचली. क्रमानं. पहिल्याच्या दुसऱ्या पानावर कुंदाचं आहे. त्याच्या वरती लिहिलं आहेस, 'नाना, तुम्हाला तोंडावर सांगायला आलो होतो. फाटकापर्यंत येऊन दोनदा परत गेलो. तुम्ही झाडांना पाणी घालत होता. तुमच्यासमोर माझी जीभ उचलत नाही, म्हणून पाकीट टाकलं. ती चूक झाली.' पाच मैलांवरून पाकीट आलं एवढंच मी धरून बसलो होतो. तू दोनदा फाटकापर्यंत आला होतास हे मला कोणी सांगायचं? तूच सांगितलं होतंस, फडताळात होतं. माझ्यापुढे खात्यात कोणी कधी आवाज चढवला नाही, हे मी चारचौघांत हसत सांगत असतो. पण घरातल्या माणसाची जीभ माझ्यापुढे उचलत नाही, हे मला माहीत नव्हतं.

चौथ्या पत्रात मुलगी झाल्याचं आहे. मीनल. तिच्या पायाचा ठसा काजळानं कागदावर उमटवून पाठवला होतास. चार वर्षं तो देवघरात होता आणि मी रोज सकाळी त्याच्यासमोर बसून पूजा करत होतो. ठसा थोडा फिसकटला आहे. माई म्हणते तो तिच्या बोटानं, ती पुष्कळदा काढून बघते.

सातवं वाचवेना, पण वाचलं. 'हे शेवटचं. तुम्हाला नकोच असेल तर मी तरी किती लिहू?' बरोबर आहे तुझं. नको नव्हतं, हे मात्र खरं धर. नको असतं तर शेरा मारून परत धाडलं असतं. तो शेरा मारायला मला अर्धं मिनिट पुरतं.

माझी चूक झाली. कुंदाबाबतीतही आणि बाकीही. तुझ्या बायकोला माझा आशीर्वाद कळव.

नाना


बदलापूर,
ता. १९ फेब्रुवारी १९५७

चि. शशिकांत व चि. सौ. जमना यांस अनेक आशीर्वाद.

सहा आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. रोज अकराला पोस्टात जाऊन बसतो. घड्याळ लावायला आलो असं सांगतो. आता तिथलं पोरसुद्धा मला पाहिलं की आधीच मान हलवतं. पाच वर्षं तू असाच वाट बघत होतास, हे त्या बाकावर बसून चांगलं कळलं.

कुंद फुलला. पाच झाडं फुलली. छाटलेली चार हिरवी आहेत, त्यांच्याकडे बघवत नाही. फुलं केवढीशी, चांदणीसारखी, पण फांदीच्या टोकापर्यंत नुसता खच. वास मोगऱ्यासारखा अंगावर येत नाही. जवळ जावं लागतं. सकाळी दव असताना पाणी काढायला विहिरीवर गेलं की मग लागतो. ठमाबाई रोज येऊन आधी झाडं बघते आणि मग माझ्याकडे बघते. मीच परवा म्हटलं, "बाई, तुझं बरोबर होतं." तर म्हणाली, "मंग पुरल्या सालीपासून मानूस इचारून कापा."

काल सोमवार. माईला थोडं बरं आहे. परडीभर कुंद काढून आम्ही दोघं अंबरनाथला गेलो. निम्मी फुलं महादेवाला वाहिली. निम्मी माईनं परडीत ठेवली. देवळाबाहेर आल्यावर म्हणाली, "आता टांगा करा. पापड कुठून येतात ते दाखवते."

कॅम्पात मी पूर्वी कधी गेलो नव्हतो. लष्करानं सोडलेल्या बराकी, मधे पोत्याचे पडदे लावून एकेकात आठ-आठ बिऱ्हाडं. जमनाच्या आईनं माईला पाहून 'आओ बहन' म्हटलं, आणि तिच्यामागे मला पाहून पदर ओढून उभीच राहिली. मीही उभाच. शेवटी माईच म्हणाली, "बसा की. परके आहात का?" खाटेवर बसलो. त्यांच्यात आल्यागेल्याला पाण्याबरोबर पापड देतात. दिला. चांगला होता. मी परडी पुढे केली. त्यांनी ओंजळीत फुलं घेतली, वास घेतला, आणि म्हणाल्या, "उधर हमारे आंगन में भी मोतिया था, साईं. अब कौन छाटता होगा? छाटता भी होगा के नहीं?"

मोतिया म्हणजे आपला मोगरा. छाटणीवर मी कोणाशीही तासभर बोलू शकतो, हे तुला माहीत आहे. तिथं मी नुसती परडीतली फुलं सारखी करत बसलो. ज्यांचं अंगणच गेलं त्यांच्या मुलीला मी माझ्या अंगणात येऊ दिलं नाही, आणि स्वतःच्या हातानं स्वतःची फुलं तोडून टाकत बसलो. बाई मात्र एक अक्षर लागेल असं बोलल्या नाहीत. उलट आणखी एक पापड भाजला.

मग त्यांनी जमनाचं पत्र काढलं. सिंधीत होतं, त्यांनीच वाचून सांगितलं. तुझी रजा मंजूर होऊन पंधरा दिवस झाले. तिकिटं काढायची थांबलीत. तू म्हणालास म्हणे, नानांनी चूक झाली असं लिहिलं, पण 'या' असं लिहिलेलं नाही.

घरी येऊन माईनं दिवा लावला आणि म्हणाली, "केवढंसं अक्षर आहे ते. तेवढंही लिहवत नाही का हो तुम्हाला?"

तर ऐक. शिवरात्रीला आता आठ-नऊ दिवस आहेत. कलकत्ता मेल कल्याणला थांबते, तिथून बदलापूरची गाडी मिळते. सामान जास्त आणू नका, अंथरुणं आहेत. मीनलला गरम कपडे घालून आणा, इथं पहाटे अजून गारठा आहे; जाकीट माईनं विणून ठेवलंच आहे, बाह्या थोड्या लांब ठेवल्या आहेत. फाटकाला नवा आकडा लावला, पण तो दिवसा अडकवत नाही. तू फाटकाशी आलास आणि मी पाणी घालत असलो, तर थांबू नकोस, सरळ आत ये. जीभ उचलली नाही तरी चालेल. मी बोलेन.

कळ्या अजून आहेत, माघ संपेपर्यंत पुरतील.

या.

नाना

ता. क.
चि. शशीस व चि. सौ. जमनास माईचे आशीर्वाद. पाकीट बंद करायच्या आधी यांनी पत्र माझ्याकडे दिलं. म्हणाले, तू वाचल्याशिवाय चिकटवत नाही, वाफेचा त्रास नको. मी शेवटचंच आधी बघितलं. लिहिलं आहे. कात्री तांदळाच्या डब्यात होती, ती काढून पुसून यांना परत दिली. होळीनंतर लागेल.